सदतीस लाल फिती आणि एक नवरा

भित्र्या माणसाने घरात बसावं, असं माझं आधीपासूनचं मत. मी आजवर घाबरले ते फक्त मखमलीला. तिच्यावर कात्री एकदा चुकली की चुकलीच. बाकी चाळीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलं, भल्याभल्या गिऱ्हाइकांना मापात ठेवलं, मला कोण घाबरवणार?

म्हणून मुलगा जेव्हा म्हणाला, "आई, जंगलातल्या तीन खिंडी आम्ही दोघं सायकलने पार करतो, तू आणि बाबा खाली गेस्टहाऊसवर आराम करा," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"केवढ्या उंच आहेत रे खिंडी?"

"बुटक्याच आहेत. पण जंगल दाट आहे."

"बुटक्या ना? मग आपल्या दुकानाचा माळा काय वेगळा आहे? त्यावर मी दिवसातून आठ वेळा चढते, तेही तोंडात टाचण्या धरून!"

शेवटी असं ठरलं की मुलगा आणि सूनबाई वळणावळणाच्या रस्त्याने सायकलवर येतील, मी आणि हे जंगलातल्या जवळच्या पायवाटेने चालत जाऊ, आणि दर खिंडीच्या माथ्यावर सगळे भेटू. पहिल्या खिंडीत मी त्यांच्या आधी पोचले! सूनबाई धापा टाकत आली. ती दवाखान्यात एक्स-रे काढते. बोलते थोडं, पण माणसाच्या आरपार बघायची तिला सवय. मी म्हटलं, "दोन चाकं असून ही गत? मला नुसते दोन पाय आहेत!" ती हसली आणि पाणी प्यायली.

दुसऱ्या खिंडीची पायवाट सुरू होते तिथे एक भलीमोठी पाटी होती. ह्यांनी खिशातून चष्मा काढला.

"अगं, थांब जरा, इथे लिहिलंय की..."

"लिहिणाऱ्याला उद्योग नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही! चला!"

मी चौथीत शाळा सोडली. आकडे मला टेपवर घडाघडा वाचता येतात, पण अक्षरांशी माझं फारसं पटत नाही. शिवाय ह्यांचा गुडघा आणि ह्यांचं पाखरं बघणं, दोन्हींना वेळ लागतो. मी आपली पुढे निघाले. लग्न झाल्यापासून हाच क्रम आहे.

पायाखाली बघत बरंच चढल्यावर झाडाच्या फांदीला बांधलेली एक लाल फीत दिसली. हातात घेऊन बघते तर अस्सल साटीन! काठ पक्का, रंग गेलेला नाही! मनात म्हटलं, कोण हे कर्मदरिद्री, असला माल जंगलात कुजत ठेवतात? कात्री जवळ नव्हती, म्हणून नखाने गाठ सोडवली. एक सोडवते न सोडवते तोच पुढची दिसली. मग त्याच्या पुढची. फितींवर शाईने आकडे होते. मला वाटलं, गोदामाचे असतील. एकेक फीत आधीच्या फितीला बांधत मी गुंडाळी करत गेले. परकराच्या नाड्या, उशांचे काठ, सगळा हिशोब डोक्यात जुळत होता! मान वर केली तेव्हा मी खिंडीत पोचले होते. फिती भरल्या सदतीस. गुंडाळी हातातल्या हिरव्या पिशवीत टाकली.

माथ्यावर एक लाकडी खोपटं होतं. मुलगा आणि सूनबाई बाकावर बसले होते.

"आई, बाबा कुठे?"

मी मागे वळले. मागे नुसतं जंगल. झाडं अशी खेटून उभी, जशी काही माझ्या विरुद्ध कुजबुजताहेत. मी हाक मारली. माझी हाक दुकानातून दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाते, पण त्या जंगलाने ती गिळून टाकली आणि ढेकरही दिला नाही.

"येतील. पाखरं बघत असतील," मी म्हटलं.

पंधरा मिनिटं गेली. मग अर्धा तास. फोनला रेंज नाही. झाडांच्या बुंध्यांतून धुकं वर चढायला लागलं, दूध उतू जातं तसं. मुलगा दहादा उठला, दहादा बसला. एवढ्यात वनरक्षक खालच्या वाटेने वर आला. मिशा झाडूसारख्या आणि चेहरा तापलेला.

"वाटेवरच्या खुणा कुणीतरी काढल्यात हो! शंभर पावलं खाली जाऊन आलो, एकही फीत नाही!"

"कसल्या फिती?" मुलाने विचारलं.

"लाल फिती! त्या बघत बघतच तर माणूस वर येतो. खाली पाटीवर एवढं मोठं लिहिलंय!"

मी हातातली हिरवी पिशवी पोटाशी धरली. सूनबाईने पिशवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

तेवढ्यात लांब खालून शिट्ट्या ऐकू आल्या. एक, दोन, मग बऱ्याच.

"शोधाशोध सुरू झाली," वनरक्षक म्हणाला. "कुणीतरी हरवलंय. आणि इथे हा वायरलेस नुसता खरखरतोय! फिती कुठून काढल्या तेवढं कळलं असतं, तर तिथवर माणूस नक्की आला असणार असं धरून शोधता आलं असतं. आता एवढ्या डोंगरात कुठे बघणार? एके ठिकाणी तर वाट फुटते. चुकून उजवीकडे गेला माणूस तर पुढे सरळ कडा. धुक्यात कळतही नाही."

कडा! ह्यांना घरातला उंबरा दिसत नाही, कडा काय दिसणार! एकेचाळीस वर्षं हा माणूस माझ्या मागून चालत आला, आणि आज मीच त्याच्या पुढची वाट उचलून पिशवीत भरली. दुसऱ्याच्या टाचणीलाही हात लावू नये, हे मी सूनबाईला आठवड्यातून दोनदा ऐकवते. पण लाज मोठी की नवरा मोठा?

"मी काढल्या," मी म्हटलं.

"काय?" तिघंही एकदम!

"ऐकू येत नाही का? मी काढल्या! साटीन होतं!"

पिशवी पालथी केली. सूनबाईने गुंडाळी उचलली, आरपार बघितल्यासारखं बघितलं आणि म्हणाली, "आई, पहिली काढलेली सगळ्यात आत असेल ना?"

मग काय! मुलाने टोक धरलं, सूनबाई खोपट्याभोवती धावत गुंडाळी सोडवत गेली. माझ्या गाठी कसल्या सुटताहेत! खोपट्याला लाल वेढे बसले. सगळ्यात आतली फीत हातात आली तसा सूनबाईने तिच्यावरचा आकडा वाचला.

"चौदा!"

वनरक्षकाचा चेहरा पांढरा पडला. "तेराच्या पुढेच वाट फुटते."

पुढचा उतार मी कसा उतरले ते मला विचारू नका. पाय माझे होते, एवढंच आठवतं. धुक्यात पुढचा माणूस सावलीसारखा दिसत होता. उजवीकडे दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि मी रडायलाच लागले. "अहो! अहो! परत नाही हो कशाला हात लावणार!"

"अगं, ओरडतेस काय एवढी? मी इथेच आहे."

तेरा नंबरच्या झाडाखाली, ओंडक्यावर, गुडघा लांब करून हे बसले होते. मी त्यांचे खांदे, हात, डोकं, सगळं माप घेतल्यासारखं चाचपलं. सगळं जागच्या जागी होतं.

"पुढची फीत दिसेना," हे म्हणाले. "फांदीवर गाठीची खूण होती, पण एकही धागा तुटलेला नव्हता. म्हटलं, एवढ्या सफाईने उसवणारी या जंगलात एकच."

"मग हाक मारायची ना!"

"मारली. तू साटीनशी बोलत होतीस. मग विचार केला, ही खुणा काढत निघालीय, म्हणजे हिला परत यायला वाट कुठे राहिली? ही चुकणार. मी जागा सोडली असती, तर मला कुठे शोधली असतीस? म्हणून बसून राहिलो. चालणारी काही मंडळी भेटली, त्यांना तेवढं सांगून ठेवलं."

मला या माणसाबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की आता काहीतरी गोड बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात वनरक्षकाच्या वायरलेसला कंठ फुटला.

"हॅलो, खालच्या चौकीवरून! एक बाई हरवलीय. अकरा जण शिट्ट्या घेऊन शोधताहेत. नवऱ्याने दिलेलं वर्णन ऐका. वय बासष्ट, उंची बेताची, हातात हिरवी पिशवी. लांबूनच ओळखू येईल, कारण बोलायची थांबत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी पाखरांकडे पाहिलं. बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं हो! पण मी पिशवी पाठीमागे घेतली आणि पक्का रस्ता लागेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढला नाही.

उगीच वर्णन जुळायला नको!