पुढं काय हाय, आयका

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी साडेसातला एक व्हॉइस मेसेज यायचा. लांबी कमीत कमी सहा मिनिटं. सुरुवात ठरलेली : "पुढं काय हाय, आयका." त्यानंतर चौथ्या मजल्यावरचे हसुराम तांडेल सगळ्या जगाचा समाचार घ्यायचे.

तांडेलकाका मूळचे खाडीकाठच्या दिवाळे गावचे. चाळीस वर्षं खाडीत होडी चालवली, मग गुडघे बोलायला लागले आणि काका बेलापूरला आमच्या लिफ्टवाल्या इमारतीत आले. आता ते बाल्कनीत बसतात. समोर टीव्ही, मांडीवर फोन. टीव्हीचा आवाज बंद असतो, कारण काकांना आवाजाची गरज नाही. तोंडं बघून त्यांना सगळं कळतं.

"आठ डब्यांत आठ मानसं बसवलीत," ते चर्चेच्या कार्यक्रमाबद्दल सांगतात, "आन सगली एकदम बोलत्यात. आमच्या म्हावऱ्याच्या बाजारात बायकापन पाळीनं भांडत्यात."

एका मोठ्या नटाच्या लग्नाची बातमी आठवडाभर चालली होती. काकांचं मत : "तीन दिवस लगीन, हजार फोटू. पन जेवताना एकपन मानूस दिसत नाय. ह्यांनी पंगत बसवलीच नाय, मी लिवून देतो."

घरातल्या यंत्रांवर तर त्यांचा विशेष डोळा. मुलीनं आपोआप फिरणारा गोल झाडू पाठवला, त्यावर नऊ मिनिटं. "कोपरा सोडतो. अरे, कचरा कोपऱ्यात नाय तर काय मदी बसतो?" वॉशिंग मशीनवर त्याहून जास्त. "काम झालं की गानं म्हनतंय. आमची बायको चालीस वर्सं कपडे धुते, तिनं कदी म्हटलं नाय." हे सांगताना मागून काकूंचा आवाजही रेकॉर्ड झालाय : "तुमी कदी बादली उचललीत काय?"

आणि प्रत्येक मतानंतर चार-पाच सेकंद शांतता. नुसता वारा आणि कावळे. बटण बंद करायला विसरतात, असं आमचं निदान होतं.

आता माझ्याविषयी. मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. निवडणूक झाली त्या सभेला मी गेलो नव्हतो, हीच माझी पात्रता ठरली. काकांचे सुरुवातीचे मेसेज मी कर्तव्य म्हणून ऐकले. मग नुसता अंगठा पाठवू लागलो. कधी मूड असला तर "वा काका, अगदी खरं." एकदा तर "शेवटचा मुद्दा फार आवडला" असंही लिहिलं. काका भेटले की गालातल्या गालात हसायचे. मला वाटायचं, खूष आहेत.

पण तक्रारी वाढल्या. पाणी कधी जाणार, लिफ्ट कधी येणार, हे त्या सहा-सहा मिनिटांच्या खाली सापडेना. कमिटीनं ठरवलं की काकांना ग्रुपमधून हळूच काढायचं. काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी आधी ग्रुप असा करून ठेवला की फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल. मग काकांच्या नावावर बोट दाबलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, मी दचकलो, आणि "काढून टाका"च्या ऐवजी "अ‍ॅडमिन करा" दाबलं गेलं.

म्हणजे चौसष्ट घरांची तोंडं बंद, आणि बोलायचा अधिकार दोघांनाच : मला आणि हसुराम तांडेलांना.

पुढचे चार दिवस मी विसरू शकत नाही. काकांना वाटलं, सोसायटीनं आपला मान केला. त्यांनी दिवसातून तीन वेळा प्रक्षेपण सुरू केलं. कुणाला उलट बोलता येईना, म्हणून लोक माझ्या दाराशी येऊन बोलले. बायको म्हणाली, "तुम्हाला साधा माणूस काढता येत नाही आणि वर्षभर गळती काढतोय म्हणताय."

शेवटी मी काकांचं अ‍ॅडमिनपद काढलं. ग्रुपमधून काढायचा धीर झाला नाही, आणि ग्रुप तसाच बंद ठेवला. शांतता पसरली. मला माझ्या कारभाराचा अभिमान वाटला.

पहिल्या दिवशी काका दारात आले. "शेक्रेटरी, माजा आवाज गेला."

"अपडेट चाललंय काका. होईल."

दुसऱ्या दिवशी परत. "झाला काय अपडेट?"

तिसऱ्या दिवशी ते आत येऊन बसले आणि फोन माझ्या हातात दिला. दाढी वाढलेली. चहा नको म्हणाले, ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

"बगा जरा. जमत नसंल तर मी दुसऱ्या कोनाकडं जातो."

मी काहीतरी केल्यासारखं करत त्यांचा एक जुना मेसेज दाबून धरला. पडद्यावर यादी उघडली. हा मेसेज कुणाकुणाला पोचला : सगळ्यांना. कुणी वाजवून ऐकला : एकच नाव. महादू भोईर. मी दुसरा उघडला. महादू भोईर. तिसरा. महादू भोईर.

माझं बोट थांबलेलं बघून काका म्हणाले, "तुमी पयल्या महिन्यात आयकलं. मग नुसता अंगठा. हितं सगलं लिवलेलं असतं, शेक्रेटरी. तो शेवटचा मुद्दा तुमाला फार आवडला, त्यात मुद्दाच नव्हता. मी खोकत होतो."

मी फोनकडे बघत राहिलो. दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

महादू भोईर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचे मालक, एवढंच मला माहीत. फ्लॅट भाड्यानं दिलाय, स्वतः दिवाळ्यालाच राहतात.

"आमची एक होडी," काका म्हणाले. "मी पुढं टोकाला नालेवर उभा, महादू मागं सुकानूवर. मदी जाल्यांचा ढीग, त्याला पुढचं कायपन दिसायचं नाय. मी वरडायचो, पुढं खांब हाय, पुढं गाल साचलाय. तो मागनं बोलायचा, हो. त्याचा हो आल्याबिगर दुसरं सांगायचं नाय. नायतर होडी ठोकते."

त्यांनी गुडघा चोळला.

"दोन वर्सं झाली, त्याचे डोले गेले. सून बटन दाबून देते."

"मग काका, त्यांनाच पाठवा ना सरळ. फोन करा."

"त्याला एकट्याला पाठवलं तर बोलंल, कीव करतोस काय रं माजी. ग्रुपवर सगल्यांना असतं. त्यात तोपन."

"दिवाळं जवळच आहे. रिक्षानं गेलात तर समोर बसून..."

"जातो ना. समोर बसलो की आमी बोलतच नाय. एक नालेवर, एक सुकानूवर, चालीस वर्सं. तोंडाकडं बगत बोलायची सवय नाय आमाला." त्यांनी फोन परत घेतला. "तीन दिवस झाले. तो तिकडं सुकानू धरून बसला असंल. पुढं काय हाय, त्याला कोन सांगनार?"

अपडेट त्याच मिनिटाला पूर्ण झालं. कमिटीला मी सांगितलं की ग्रुप बंद ठेवायचं तांत्रिकदृष्ट्या जमत नाही. माझा आजवरचा लौकिक बघता कुणालाही शंका आली नाही. पाण्याच्या आणि लिफ्टच्या निरोपांसाठी मी वेगळा ग्रुप काढला, आणि यावेळी काढण्याआधी कुकर उतरवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मेसेज आला. स्वयंपाकघरात चहा ठेवून मी तो लावला. वर्षभरानंतर पहिल्यांदाच.

"पुढं काय हाय, आयका. इमानतलावरनं इमानं उडाय लागलीत. त्यांच्या वाटेत बगले येतात म्हनून लोक वरडतात. मी बोलतो, वाट कोनाची होती ते बगल्यांना इचारा."

आणि मग ती शांतता. वारा, दोन कावळे. दिवाळ्यात कुणीतरी फोन कानाशी धरून बसलं असेल. काका थांबले होते. घाई नव्हती त्यांना.

चहा उतू चालला होता. मी गॅस बारीक केला आणि हळूच म्हणालो, "हो."