पाळण्यातला वरवंटा

मितांश चौथ्या दिवशीही दुपारी झोपला नाही, तेव्हा दामिनीने वही काढली. आठ महिन्यांचं पोर कधी रडलं, किती वेळ रडलं, किती चमचे पेज पोटात गेली, हे ती पहिल्या दिवसापासून लिहून ठेवत असे. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या बाईला निदान एवढं तरी जमावं, असं तिचं म्हणणं. पण आज तिने रडण्याच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना आखला आणि त्यात शांतीलाल सरांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसच्या वेळा लिहायला घेतल्या.

शांतीलाल सर तिचे शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. निवृत्तीनंतर घरात बसवेना म्हणून त्यांनी नंदुरबारला एका मंगल कार्यालयात दर मे महिन्यात कला महोत्सव भरवायला सुरुवात केली होती. यंदाचं प्रदर्शन होतं 'तापीकाठचं घर'. सारंगखेड्यापासून प्रकाशापर्यंत सर घरोघर हिंडले आणि जाती, समया, सुंभाच्या बाजा, बैलांच्या झुली असं कायकाय गोळा करत कळसाडीला दामिनीच्या सासरी येऊन थडकले. माळ्यावरचा सागवानी पाळणा पाहून ते इतके हरखले की हातातला चहा गार झाला. दामिनी लगेच "न्या सर" म्हणून मोकळी झाली. मितांश झोपायचा तो ऑनलाइन मागवलेल्या जाळीच्या पाळण्यात. माळ्यावर धूळ खात पडलेल्या लाकडाचं तिला काय अप्रूप?

सासूबाई मात्र सरांच्या मागोमाग टेम्पोपर्यंत गेल्या होत्या.

"लई जा, पन रिकामा पाळणा कोनी हालाडाले नको," मीनाबाईंनी बजावलं होतं. "रिकामा हालाडा का घरनं पोर आजारी पडस."

सरांनी मान डोलावली होती. दामिनी तोंडाला पदर लावून हसली होती.

आता त्या हसण्याचा हिशेब वहीत उतरत होता. सकाळी अकरा दहा: स्टेटसमध्ये मंगल कार्यालयाचे दोन कारकून पाळण्याला झोके देताहेत. अकरा वीस: मितांश रडला. दुपारी चार: महोत्सवातल्या उन्हाळी शिबिराची पोरं, एकाने धक्का द्यायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. चार वाजून पाच: मितांश रडला, पेज उलटली. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे दामिनीला पाठ होतं. कॉलेजात या वाक्याचे तिला दोन मार्क मिळाले होते. पण त्या वेळी कडेवर मितांश नव्हता.

तिने नवऱ्याला फोन लावला. योगेंद्र उसाच्या बांधावर विजेची वाट बघत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पोरगं रडतं कारण ते पोरगं आहे, असा निर्वाळा दिला. तेवढ्यात वीज आली आणि तो गेला.

मग तिने सरांना गाठलं. सर खुशीत होते. यंदा काचेच्या कपाटात काहीच ठेवायचं नाही, लोकांनी हात लावून बघायचं, अशीच मुळी कल्पना होती. त्यातही पाळण्याला तोड नव्हती. पाळणा परत आणायचं दामिनीने सुचवलं, तेव्हा सर काकुळतीला आले, कारण महोत्सवाच्या पत्रकावर पाळण्याचाच फोटो होता. शेवटी पाटी लावायचं ठरलं. संध्याकाळी सरांनी पाटीचा फोटो पाठवला. सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'रिकामा पाळणा हलवू नये.'

त्याचा परिणाम असा झाला की आजवर जे लोक पाळण्यावरून नुसती नजर फिरवून पुढे जात, तेही थांबून पाटी वाचू लागले. वाचून झालं की इकडेतिकडे बघत आणि काय होतं ते पाहायला हळूच एक झोका देत. दामिनीच्या वहीत दुसऱ्या दिवशी रडण्याच्या रकान्याला जागा पुरली नाही.

सर म्हणाले, पाळण्यात बाहुली ठेवतो, म्हणजे तो रिकामा राहणार नाही. बाहुली ठेवली. शिबिरातल्या एका चिमुरडीने ती तासाभरात घरी नेली.

आता दामिनीला काही सुचेना. रात्री तिचा डोळा लागेना, दिवसा मितांशचा. अशा अवस्थेत ती स्वयंपाकघरात उभी असताना तिची नजर पाट्यावरच्या वरवंट्यावर गेली. मितांशच्या बारशाला त्याच्या आधी पाळण्यात कोण गेलं होतं? हाच वरवंटा, कुंची घालून. बायकांनी त्याला बाळ म्हणून पाळण्याखालून आणि पाळण्यावरून एकमेकींच्या हातात दिला होता. म्हणजे पाळण्यात वरवंटा चालतो. रीतच आहे. शिवाय तो चार किलोचा, कोणी चिमुरडी तो उचलून नेणार नाही. एवढा नेमका विचार तिने प्रयोगशाळेतही कधी केला नव्हता.

डायपरच्या पिशवीत तळाला वरवंटा घालून, मितांशला कडेवर घेऊन ती सकाळच्या एसटीला निघाली. लस द्यायची राहिली आहे, असं तिने सासूबाईंना सांगितलं.

"लस त मांगे दिन्ही ना?" मीनाबाई म्हणाल्या. "दात ई ऱ्हायनात त्याले. आनखी काय?"

दामिनीने लक्ष दिलं नाही. मितांशला पडसं झालं तरी सासूबाई दात म्हणत, उचकी लागली तरी दात म्हणत.

शहाद्याला गाडी बदलून नंदुरबार येईपर्यंत एसटीचा पत्रा तापला होता, आणि चार किलोच्या पिशवीने खांदा निखळायला आला होता. हॉलमध्ये पाळण्यापाशी परवेजभाई होते. हे सुतार. प्रदर्शनातल्या मोडक्या लाकडाची डागडुजी त्यांच्याकडे होती. पाळण्याची तर त्यांनी लेकीसारखी सेवा केली होती. घासला, तेल पाजलं, कड्या बदलल्या.

"देखो दीदी, आता फुंक मारा, तरी हलतो," ते अभिमानाने म्हणाले आणि त्यांनी खरोखरच फुंकर मारली. पाळणा डुलायला लागला. मितांशने भोकाड पसरलं.

परवेजभाई चहाला गेल्यावर दामिनीने मितांशच्या पिवळ्या दुपट्यात वरवंटा गुंडाळला, पाळण्यात मधोमध निजवला आणि शेजारच्या कोपऱ्यात मण्यांच्या माळा ओवणाऱ्या फुलीबाईंकडे पाहून कसनुसं हसली. फुलीबाई धडगावाकडच्या. महोत्सवात माळा कशा करतात ते दाखवायला आल्या होत्या. त्यांनी वरवंट्याकडे पाहिलं, मितांशकडे पाहिलं, मग बराच वेळ दामिनीच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"बस जरा," त्या म्हणाल्या.

दामिनीला बसायला वेळ नव्हता. बाराची गाडी गाठायची होती.

इथवर सगळं नेटकं झालं होतं. पण तीस वर्षं शेंगदाणे आणि मिरच्या वाटून त्या वरवंट्याला जी काळी तुकतुकी आली होती, ती दामिनीच्या हिशेबात नव्हती. ती बसथांब्यावर पोचायच्या आत एका म्हातारीने पाळण्यात डोकावून पाहिलं. सागवानी पाळणा, त्यात पिवळं वस्त्र, वस्त्रात तेजाळ काळा पाषाण. तिने अंबाड्यातलं मोगऱ्याचं फूल काढून वाहिलं आणि हात जोडले. पुढच्या बाईला फूल दिसलं, म्हणून तिनेही हात जोडले. तिसरीने कुंकू लावलं. देवाचा पाळणा हलवल्याशिवाय पुढे कसं जायचं, म्हणून प्रत्येकीने झोका दिला. संध्याकाळपर्यंत नारळ आला. दुसऱ्या दिवशी शांतीलाल सरांचं स्टेटस होतं: 'कृपया रांगेत यावे.'

सरांचाही इलाज नव्हता. सहा वर्षांत त्यांच्या महोत्सवाला रांग अशी लागलीच नव्हती.

दामिनीने ते स्टेटस दोनदा वाचलं. पूर्वी पाळणा दिवसातून वीसेक वेळा हलायचा, आता तो थांबतच नव्हता. वरवंटा असला म्हणजे पाळणा भरलेला धरायचा, की बाळ नाही म्हणजे रिकामाच धरायचा? हे कोणाला विचारावं? वहीत तिने मितांश किती वेळ शांत होता ते लिहायला घेतलं, कारण ते लवकर लिहून होत होतं.

त्यात घरी पाटा ओका पडला होता. मीनाबाईंना मिक्सरची चटणी चालत नसे. त्यांनी मोरीत पाहिलं, चुलीमागे पाहिलं, पिंपामागे पाहिलं.

"सोनं ऱ्हायनं जागावर नि वरवंटा गया," त्या म्हणाल्या. "असा चोर मी देखा नही कधी."

दामिनी खाली मान घालून पेज ढवळत राहिली. तेवढ्यात शेजारच्या दिवलीबाई नंदुरबारच्या बाजारातून थेट ओसरीवर आल्या. नंदुरबारला पाळण्यात देव प्रगटला आहे, स्वयंभू आहे, आणि न झोपणारी पोरं त्याच्यापुढे नेली की गप झोपतात, अशी बातमी त्यांनी आणली होती. त्यांच्या भाचीचा मुलगा तिथून आला तो चार तास झोपला. एसटीच्या उन्हाने झोपला असेल, असं दामिनी पुटपुटली, पण मीनाबाईंनी तोवर जायचं म्हणून ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलं होतं.

दामिनीने उन्हाचं निमित्त काढून पाहिलं, मितांशचं अंग गरम लागतंय म्हणून पाहिलं, योगेंद्रला विचारायला हवं म्हणून पाहिलं. काही चाललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती, सासूबाई आणि मितांश रांगेत उभे होते. पुढे तीस-पस्तीस बायका, प्रत्येकीच्या हातात फुलं. दामिनीला रांग लवकर सरावी असंही वाटत होतं आणि कधीच सरू नये असंही. मितांश कडेवर चुळबुळत तिच्या खांद्याला चावत होता.

मीनाबाईंना पाळणा दुरूनच ओळखू आला.

"दामिनी, हाऊ त आपला पाळणा शे."

"हो, आई."

"मंग आपला पाळणामा देव उना?"

दामिनीने मितांशला दुसऱ्या कडेवर घेतलं. रांग पुढे सरकली. मीनाबाई पाळण्याशी पोचल्या, भक्तिभावाने वाकल्या, आणि वाकल्या त्या तशाच राहिल्या. मग त्यांनी हात घालून मोगरा बाजूला सारला, नारळ बाजूला सारला, दुपटं उलगडलं आणि दगडाच्या टोकावरून अंगठा फिरवला. तिथे एक टवका उडालेला होता. योगेंद्र लहान असताना त्याने वरवंटा ओट्यावरून टाकला होता, तेव्हाचा.

"हाऊ मन्हा वरवंटा," त्या शांतपणे म्हणाल्या.

मागच्या बायका टाचा उंचावून बघू लागल्या. शांतीलाल सर धावत आले. परवेजभाई आले. आणि मग दामिनीचं धरण फुटलं. पाळणा, कारकून, पाटी, बाहुली, वहीतले रकाने, सगळं तिने एका दमात सांगितलं. शेवटी ती रडत म्हणाली, "माझ्यामुळे झालं, आई. मी हसले होते. रिकामा पाळणा हलला आणि पोराची झोप गेली."

मीनाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. ती खरंच बोलते आहे की थट्टा करते आहे, हे त्यांना कळेना.

"हाई त कडीसाठे सांगतस वं," अखेर त्या म्हणाल्या. "डावी कडी ढिली व्हती. रिकामा पाळणा देखा का पोरं लटकतस, नि कडी तुटस. 'कडी ढिली शे' सांगं त कोन आयकस? 'पोर आजारी पडस' सांगं का समदा आयकतस. मन्ही सासूनी माले तेच सांगं. पन मी दुसरी पास शे. माले तव्हाच समजनं. तू इतली शिकेल नि तुले नही समजनं?"

"कडी मी बदलली, काकी," परवेजभाई अदबीने म्हणाले. "डबल लोखंड टाकलं. हत्ती बसला तरी तुटणार नाही."

मीनाबाईंनी कडी हाताने ओढून पाहिली. समाधान झालं. "मंग हालाडा आते कितला बी," त्यांनी जमलेल्या सगळ्यांना परवानगी दिली आणि वरवंटा पुसून पिशवीत टाकला. रांगेतून कोणीतरी विचारलं की देव कुठे नेता. मीनाबाई म्हणाल्या, चटणी वाटायला. तरी दोघीतिघींनी पिशवीला हात लावून घेतला.

मग त्यांनी सुनेच्या कडेवरून नातवाला घेतलं, त्याच्या तोंडात बोट घातलं आणि दामिनीचं बोट धरून तिथेच टेकवलं. खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचलं.

"कव्हानी सांगी ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. "दात."

दामिनीला हसावं की रडावं कळेना. दोन्हीसाठी लागणारी ताकद अंगात नव्हती. फुलीबाईंनी माळ खाली ठेवली, उठून तिचं मनगट धरलं आणि तिला शेजारच्या बाजेवर आणून बसवलं. ती बाजही प्रदर्शनातली, प्रकाशाहून आलेली, नव्या सुंभाने विणलेली. एक मिनिट टेकते, असं दामिनी म्हणाली. वाक्याचा शेवट आडवा होऊनच झाला.

मितांशला आजीने पाळण्यात बसवलं. तो झोपला नाही. दोन्ही हातांनी कठडा धरून, एक दात दाखवत, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून तो खिदळत होता आणि रांगेतली प्रत्येक बाई त्याला झोका देऊन पुढे जात होती. शांतीलाल सरांनी हॉलच्या कोपऱ्यात वाजवत बसलेल्या ढोलकीवाल्याला बाहेर पाठवलं. परवेजभाईंनी हातोडी बाजूला ठेवली आणि पंखा बाजेकडे वळवला. मीनाबाई बाजेच्या उशाशी बसून पदराने माश्या वारत होत्या.

दुपारी तळोद्याची एक बाई हॉल बघत बघत तिथवर आली आणि बाजेवर घोरणाऱ्या दामिनीला पाहून थबकली.

"इले काय झायं?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"पोर झायं," मीनाबाई म्हणाल्या.

बाईने समजल्यासारखी मान हलवली, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि आवाज न करता पुढच्या दालनात गेली.