डाव्या फुप्फुसाची रजा

बुधवारी सकाळी, नवरदेवाच्या मिरवणुकीत क्लॅरिनेट वाजवता वाजवता, निवृत्ती खरात यांचं डावं फुप्फुस खाली बसलं आणि म्हणालं, "आता मी उठणार नाही."

निवृत्तीराव बँडमधले सगळ्यात उंच आणि सगळ्यात किडकिडीत. छातीत कळ आली, सूर मध्येच तुटला आणि ते रस्त्याकडेच्या पायरीवर टेकले. बायको इंदुमतीने त्यांना रिक्षात घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रेची खोली वरच्या मजल्यावर होती आणि निवृत्तीरावांना चार शब्द सलग बोलवत नव्हते.

"जिना नको," डॉक्टर तरन्नुम शिकलगार म्हणाल्या. "सोनोग्राफीचं मशीन इथंच आणते."

त्यांनी छातीला गार जेली लावली आणि मशीनची मूठ आधी उजवीकडे टेकवली. पडद्यावर एक पांढरी रेघ श्वासाबरोबर पुढे-मागे सरकत होती.

"हे उजवे कामावर आहेत," डॉक्टर म्हणाल्या.

डावीकडे रेघ होती, पण ढिम्म. डॉक्टरांनी मूठ हळूहळू बगलेकडे नेली. एका जागी रेघ जराशी थरथरली.

"इथं आहात होय?"

"रजेवर आहे," मशीनमधून आवाज आला. अंगात हवा नसल्यामुळे तो फार बारीक होता.

"अर्ज दिलात?"

"बावीस वर्षं देतोय. हे त्याला खोकला म्हणतात."

इंदुमती पुढे झाली. फुप्फुस नवऱ्याचंच, म्हणून तिने अहो-जाहोच केलं. "अहो, असं भर मिरवणुकीत बसतात का? उजवे बघा, कसे मुकाट्याने राबतायत."

"उजव्याला तीन खोल्या आहेत, मला दोनच. त्यातही हृदय माझ्या वाटणीत घुसलंय."

"तक्रार रास्त आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण तुमच्या रिकाम्या जागेत हवा शिरलीय आणि ती वाढतेय. अजून वाढली तर हृदयाला बाजूला ढकलेल. मग दवाखान्याच्या हाती काही राहणार नाही."

निवृत्तीरावांचे ओठ निळसर पडले होते. इंदुमतीने त्यांचा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "यांचंच काही बरंवाईट झालं, तर रजा संपवून तुम्ही परत यायचं कुठं?"

पडद्यावरची रेघ पुन्हा जराशी थरथरली.

"आधी त्या हवेला बाहेर काढा," मशीनमधून आवाज आला. "एवढ्या दाटीत उठायला जमत नाही."

डॉक्टरांनी जागा बधिर करून दोन बरगड्यांमधून नळी घातली. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलं. हवा बुडबुडे काढत, कुरकुरत निघून गेली. दुसऱ्या दिवशी मूठ टेकवली, तर डावी रेघही सरकत होती.

"रुजू झालात?"

"झालो. पण दीड महिना फुंकायचं काम सांगू नका."

डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून सही केली. दीड महिना निवृत्तीरावांनी बँडमध्ये खुळखुळा वाजवला.

त्यानंतर लग्नाच्या पहिल्याच मिरवणुकीत त्यांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं आणि तसेच उभे राहिले. ढोल थांबला. नाचणारे हात वर करून ताटकळले. नवरदेवाचे मामा गर्दीतून वाट काढत आले.

"काय हो, थांबलात का?"

"डाव्याला विचारतोय," निवृत्तीराव छातीवर बोट ठेवून म्हणाले.

मामांनी नकळत स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"विचारा, विचारा," ते म्हणाले. "मुहूर्ताला वेळ आहे अजून."