पाण्यातून काढलेला झेंडा

"पिवळ्या झेंड्याचं काय केलंत तुम्ही?" भामाबाई औसेकरांनी फोनवर विचारलं तेव्हा रामचंद्रराव चिक्कडपल्लीच्या घरी निवांत पोहे खात होते.

"काही नाही. पाण्यातून काढला," ते समाधानाने म्हणाले. "कोरा होता."

औसेकरांच्या घरात कोरा कपडा पाण्यातून काढल्याशिवाय वापरत नाहीत. सदरा असो, पलंगपोस असो, नाहीतर पाहुण्यांनी दिलेला टॉवेल असो. मागे एकदा रामचंद्ररावांनी नवी छत्रीसुद्धा बादलीत बुडवून काढली होती. हायकोर्टात आयुष्यभर न्यायमूर्तींपुढे फायली सरकवून ते निवृत्त झाले आणि घरात आल्यावर त्यांनी धुण्याचं खातं आपल्याकडे घेतलं. त्या खात्याचे न्यायमूर्ती तेच होते.

"सगळे झेंडे एकदम भिजवले?" भामाबाईंनी विचारलं.

"वेगवेगळे भिजवायला ते काय वादी-प्रतिवादी आहेत?"

"आणि वाळवले कुठं?"

"ओलसरच होते, म्हणून लाल झेंड्याला छान निऱ्या घातल्या, पिवळा त्याच्याखाली पसरला आणि दोन्ही गादीखाली ठेवले. वरून मी झोपलो. बघ, एक सुरकुती सापडायची नाही तुला."

सुरकुती खरोखरच नव्हती. पण लाल झेंड्याचा रंग निरीनिरीने पिवळ्यात उतरला होता. पिवळ्याधमक कापडावर वरून खालपर्यंत लाल पट्टे उमटले होते, आणि ते इतके सरळ आले होते की एखाद्याने पट्टी धरून आखावेत. सकाळी निघताना, आदल्या दिवशी घरी आणलेल्या झेंड्यांची गुंडाळी वर्तमानपत्रात बांधलेली होती, त्यामुळे हा पराक्रम भामाबाईंना कळला तो थेट ट्रॅकवर.

भामाबाई त्या वेळी शहराबाहेर, मोटारसायकलच्या शर्यतीच्या ट्रॅकवर, सातव्या वळणाशी उभ्या होत्या. पांढरी सुती साडी, वर नारिंगी जाकीट, पायात धावायचे बूट आणि गळ्यात शिट्टी. गणिताच्या बाई म्हणून निवृत्त झाल्यावर शेजारणींनी त्यांना भजनी मंडळात ओढायचा प्रयत्न केला होता. पण त्यांचा भाचा हर्षद शर्यतीत गाडी चालवायचा. एकदा तो त्यांना शर्यत दाखवायला घेऊन आला. भामाबाईंनी शर्यत पाहिलीच नाही. त्या वळणावर झेंडे घेऊन उभ्या असलेल्या मार्शल लोकांकडे बघत राहिल्या. एका जागी उभं राहायचं, नजर हलवायची नाही, कमी बोलायचं आणि कुणी चुकलं की तत्क्षणी इशारा द्यायचा.

"हे तर परीक्षेचं सुपरव्हिजन आहे," त्या हर्षदला म्हणाल्या. "इथली पोरं जरा जोरात पळतात, एवढंच. मला घेतील का रे?"

पगार नसलेल्या कामाला कुणी नाही म्हणत नाही. मार्शलांचे प्रमुख चक्रपाणी यांनीही म्हटलं नाही, पण त्यांनी भामाबाईंना जेवणाची पाकिटं वाटायला बसवलं. "मॅडमगारू, धूप में कायकू खडे होते? आराम से बैठो," असं ते, तेलुगूतलं आदराचं 'गारू' लावून, अत्यंत प्रेमाने म्हणायचे. त्या प्रेमाचाच भामाबाईंना राग यायचा. दोन शर्यती त्यांनी लिंबूभाताची पाकिटं मोजली आणि तिसऱ्या वेळी चक्रपाणींसमोर उभ्या राहून वळण मागितलं. बरीच हुज्जत झाल्यावर चक्रपाणी म्हणाले, "ठीक. ये संडे को सात नंबर आपका. एक गलती हुई, तो वापस लंच में. नहीं हुई, तो फायनल में भी सात नंबर आपका."

सातवं वळण म्हणजे ट्रॅकचं नाक. उतारावरून येणारं, आत वळणारं, भल्याभल्यांची परीक्षा घेणारं. भामाबाईंना ते हवं होतं. इतकं मनापासून त्यांना बऱ्याच वर्षांत काही हवंसं वाटलं नव्हतं.

आणि आता हातात हा झेंडा. मार्शलच्या झेंड्यांची भाषा शर्यतीतल्या प्रत्येक पोराला पाठ असते. नुसता पिवळा दाखवला तर पुढे कुणी पडलंय, वेग कमी करा, कुणाला मागे टाकू नका. पिवळ्यावर उभे लाल पट्टे दाखवले तर रस्त्यावर तेल सांडलंय, निसरडं आहे. पट्ट्यांचे झेंडे या वेळी कुठल्याच वळणावर नव्हते. दिलसुखनगरच्या शिंप्याने ते वेळेत जोडून दिले नव्हते, आणि चक्रपाणी म्हणाले होते की एक शर्यत त्यांच्यावाचून भागेल. भामाबाईंकडे मात्र फक्त तोच होता.

त्यांच्या जोडीला वळणावर इलियासभाई होते. काचीगुड्यात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांनी झेंडा दोन्ही हातांनी ताणून धरला.

"मॅडम, मेरे चष्मे का नंबर तो बराबर है," ते म्हणाले, "पर मेरे कू इसमें पट्टे दिखरे."

"पट्टेच आहेत."

"चक्रपाणी साब देखे तो?"

"तर मी लिंबूभात वाटेन."

इलियासभाईंनी उपरण्यापासून टॉवेलपर्यंत सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या. पिवळं म्हणून तिथे काही नव्हतं. मार्शलने झेंड्याच्या रंगाचे कपडे घालू नयेत, असा नियम असल्यामुळे भामाबाई आपली हळदी रंगाची आवडती साडी मुद्दाम घरी ठेवून आल्या होत्या. फोन अजून चालूच होता. त्यातून आवाज आला, "अगं, पिवळंच पाहिजे ना? माझा पितांबर आहे की. घेऊन येतो."

"तुम्ही येऊ नका."

"निघालोच," रामचंद्रराव म्हणाले, आणि फोन बंद झाला.

शर्यत सुरू झाली. पहिल्या काही फेऱ्या सातव्या वळणावर काही घडलं नाही आणि भामाबाईंना वाटू लागलं की देवाला आपली दया आली. गाड्या उतारावरून यायच्या, पोरं गुडघा जमिनीला टेकेपर्यंत झुकायची आणि निघून जायची. हर्षद तिसरा होता. प्रत्येक फेरीला तो गेला की भामाबाई श्वास सोडायच्या.

मग लाल हेल्मेटवालं एक पोरगं वळणात शिरलं आणि जिथे कुणीच पडत नाही अशा जागी सपशेल पडलं. गाडी एकीकडे गेली, पोरगं घसरत गवतावर गेलं. भामाबाईंनी विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता, कारण उतारावरून पुढचा घोळका येत होता आणि त्यात हर्षद होता. त्यांचा हात झेंड्याकडे गेला आणि त्या जीव खाऊन झेंडा हलवू लागल्या.

घोळक्याने पट्टे पाहिले. झुकलेल्या गाड्या एकेक करून उभ्या झाल्या, पोरांनी ब्रेक हलक्या हाताने दाबले आणि सगळी मंडळी वळणाच्या बाहेरच्या कडेने, लग्नाच्या वरातीसारखी, संथपणे निघून गेली. हर्षदने जाता जाता आत्याकडे मान वळवून पाहिलं. पडलेलं पोरगं तोवर उठून अंगावरची माती झटकत होतं.

रेडिओ खरखरला. चक्रपाणींचा आवाज होता.

"सेव्हन, सेव्हन. पट्टों का झंडा कौन दिखाया? ऑइल है क्या?"

इलियासभाई भामाबाईंच्या कानाशी आले. "हौ बोल दो, मॅडम. है बोले तो झंडा सही. नहीं बोले तो अपना काम तमाम. दूर से किस कू दिखरा?"

भामाबाईंनी नोकरीभर एक नियम पाळला होता. उत्तर बरोबर असलं आणि रीत लिहिलेली नसली तर गुण शून्य. त्यांच्या वर्गातली कितीतरी पोरं या शून्यावर आपटली होती. त्यात खुद्द हर्षद होता. तिमाही परीक्षेतल्या शेवटच्या गणिताचं उत्तर अचूक असूनही पाच गुण गेले, आणि ती गोष्ट तो अजून दर दिवाळीला काढायचा. आता रेडिओत चक्रपाणी उत्तर मागत होते. हो म्हटलं तर वळण वाचत होतं.

"सेव्हन बोल रही," भामाबाई म्हणाल्या. "देख के बताती."

"देख के मतलब? झंडा पहले दिखाए ना?"

"देख के बताती," त्या पुन्हा म्हणाल्या आणि इलियासभाईंना म्हणाल्या, "तुम वर उताराकडे देखो. गाडी आयी तो शिट्टी."

टायरांच्या भिंतीआडून त्या बाहेर आल्या, पडलेल्या पोराच्या जागेपर्यंत चालत गेल्या आणि कमरेत वाकल्या. उन्हात डांबर चमकत होतं. पण एक पट्टा जरा जास्तच चमकत होता. त्यांनी बोट लावलं, वास घेतला. तेल होतं. पोरगं पडलं त्या जागेच्या बरंच अलीकडून ते सुरू होत होतं. पुढे गेलेल्या कुठल्यातरी गाडीने ते टाकलं होतं आणि त्याच्यावरूनच पोरगं घसरलं होतं. घोळका नेहमीच्या रेषेवरून आला असता तर सगळे याच पट्ट्यावर झुकले असते. हर्षदही. भामाबाईंनी तिथूनच रेडिओचं बटण दाबलं.

"ऑइल है. पूरे रस्ते पर है. शर्यत रोको."

सगळ्या वळणांवर लाल झेंडे निघाले. भामाबाईंचा लाल झेंडा धुण्यात गाजराच्या रंगावर आला होता, पण लाल म्हणून चालून गेला.

चक्रपाणी जीपमधून आले ते तावातावाने. "किधर है ऑइल? मेरे कू तो नहीं दिखरा," असं म्हणत त्यांनी ट्रॅकवर दोन पावलं टाकली. तिसरं टाकायची गरज पडली नाही. ते आडवे झाले, आणि काही वेळ तसेच आकाशाकडे बघत राहिले. मग उठताना त्यांच्या आवाजात आदर होता.

"मॅडमगारू," ते म्हणाले, "बाकी लोग तीन जन गिरने के बाद ऑइल देखते. आप एक में देख लिए."

भामाबाई काही बोलणार, तेवढ्यात तारेच्या कुंपणापलीकडून हाक आली. रामचंद्रराव घामाघूम उभे होते आणि त्यांच्या हातात पितांबर वाऱ्यावर फडफडत होता.

"अगं, आणला. तो खराब झालेला दे इकडे, पुन्हा पाण्यातून काढतो."

"कौन हैं ये?" चक्रपाणींनी विचारलं.

"पूजेवाले," इलियासभाई चटकन म्हणाले. "फायनल की पूजा का पूछने आए." आणि कुंपणाच्या फाटकातून जाऊन त्यांनी रामचंद्ररावांना दंडाला धरून थेट उसाच्या रसाच्या गाडीवर नेऊन बसवलं.

तेलावर सिमेंटची भुकटी पडली, शर्यत पुन्हा सुरू झाली आणि हर्षद दुसरा आला. बक्षिसं वाटून झाल्यावर चक्रपाणींनी माइक हातात घेतला. सातव्या वळणाने आज किती पोरांची हाडं वाचवली, ते त्यांनी सांगितलं. भामाबाईंच्या नजरेचं कौतुक केलं, आणि फायनलला सातवं वळण त्यांचंच, असं जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. लाल हेल्मेटवाल्या पोराने तर वाकून नमस्कार केला.

भामाबाई पुढे गेल्या. हवं ते सगळं मिळालं होतं. गप्प बसल्या असत्या तर घरी जाऊन झोप लागली असती, असं त्यांना वाटलं. पण लागली नसती, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माइक घेतला आणि आपल्या हिंदी-मराठीच्या खिचडीत सगळं सांगितलं. कोरा कपडा, बादली, निऱ्या, गादी. "मला तेल दिसलं नव्हतं. झेंडा चुकीचा होता. उत्तर बरोबर आलं, पण रीत चुकली. वळण दुसऱ्या कुणाला द्या."

मंडपात मागे कुठेतरी रामचंद्रराव उभे राहून "कापड हलकं होतं, धुण्यात दोष नाही" असं म्हणत असल्याचं ऐकू आलं.

चक्रपाणींनी कमरेवर हात ठेवला. कंबर अजून दुखत होती.

"मॅडमगारू, बच्चा गिरा तब आपकी आँख ट्रॅक पे थी?"

"होती."

"झंडा फौरन हिलाए?"

"फौरन."

"मैं रेडिओ पे पूछा, ऑइल है क्या. आप देखे बगैर हौ बोल सकते थे. बोले क्या?"

"नाही. देख के बताती, बोली."

"बस," चक्रपाणी म्हणाले. "हमारे काम की रीत यही है. झंडा गलत था, रीत सही थी. सात नंबर आपका." मग ते म्हणाले, "और वो साब कू बोलो, फायनल के झंडे भी धो के देना. टेलर से तो अच्छे पट्टे आए."

परतताना रामचंद्रराव स्कूटर चालवत होते आणि भामाबाई मागे बसल्या होत्या. पितांबर त्यांच्या मांडीवर नीट घडी घालून ठेवलेला. चिक्कडपल्लीच्या सिग्नलला हर्षदने गाडी शेजारी आणून उभी केली आणि हेल्मेटची काच वर केली.

"आत्या, एक सांगू? त्या तिमाहीच्या गणिताची रीत माझ्या डोक्यात होती. फुल स्टेप्स. वहीत लिहायला टाइम नव्हता, बस."

भामाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. वळणातून सरळ उभा निघून गेलेला तो त्यांना आठवला.

"पाच होते ना रे?"

"पाच."

"दिले."

रामचंद्ररावांनी मान न वळवता सांगितलं, "अपिलाची मुदत कधीच संपली आहे."

"तुम्ही समोर बघा," भामाबाई म्हणाल्या. सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते. त्यांनी सवयीने हात वर केला, आणि रामचंद्ररावांची स्कूटर सुरू होईपर्यंत सगळं चिक्कडपल्ली मुकाट्याने थांबलं.