मामाजींच्या अंगठ्याचे आठ दिवस

मी बी.ए. आहे, तेही फर्स्ट क्लास. त्यामुळे सरकारी फॉर्म आला की गल्लीतल्या बाया माझ्याच ओट्यावर येऊन बसतात. २००९ मध्ये सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डाचा कॅम्प गावात आला, तेव्हा मी नवऱ्याला, सुरेंद्रला, ऐटीत सांगितलं, अर्ध्या तासाचं काम आहे, तुम्ही खुशाल ड्युटीवर जा. तो बिचारा कोरपन्याकडे सिमेंट कारखान्यात निघून गेला; राहतोही तिकडेच, घरी येतो तो सुट्टीला.

मामाजी, म्हणजे माझे सासरे इस्तारी, त्याच महिन्यात रिटायर झाले होते. तीस वर्षं त्यांनी वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर पिशव्यांत माती भरली. साठी झाली तशी साहेबांनी शाल-नारळ देऊन घरी पाठवलं. पेन्शन नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू मात्र पिकलेला. आणि रिकामपण आल्यापासून ते माझ्या दोन वर्षांच्या आचलला कडेवर घेऊन रोज तलावाच्या पाळीवरून फिरायला लागले. एकदा समोरून म्हैस आली तर मामाजी तिला म्हणाले, "राम राम, लच्छूभाऊ!" एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला खड्डा, मध्ये माझी पोर. जाऊ नका म्हणावं, तर म्हाताऱ्याचं तेवढंच सुख. कार्ड झालं की डोळ्यांचं ऑपरेशन चंद्रपूरला फुकटात होणार होतं. मला ते कार्ड हवंच होतं.

कॅम्पमध्ये मशीनवर अंगठा ठेवायचा होता. मामाजींनी ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल. दहाही बोटं झाली. मशीनवाल्या भाऊंनी मामाजींची बोटं उलटसुलट करून पाहिली.

"बाई, रेषाच नाई राह्यल्या. घासून सफा झाल्या."

आठ दिवस हातांना आराम द्या, तेल लावा, पुढच्या सोमवारी इथला शेवटचा कॅम्प आहे, तेव्हा सगळं घर घेऊन या, असं त्यांनी सांगितलं.

आता आठ दिवस तर आठ दिवस! मी घरी येऊन नियम केला: मामाजींनी कशालाही हात लावायचा नाही. पण हा माणूस बसणारा नव्हे. मी विहिरीवर गेले की इकडे कुऱ्हाडीचा आवाज. शेवटी मी त्यांच्या हातांना खोबरेल चोपडलं, सुरेंद्रचे मोजे चढवले आणि मनगटाशी नाडीने पक्के बांधून टाकले. हात बांधले म्हटल्यावर जेवू घालणंही माझ्याकडेच आलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शकुबाई चाळणी मागायला आल्या, तेव्हा मी मामाजींना भात भरवत होते. पावलं ऐकून मामाजींनी बांधलेले दोन्ही हात पुढे केले.

"कोण, शकुबाई का? माहे हात सोडून दे ना वो. हे सोडूनच नाई राह्यली."

शकुबाई चाळणी न घेताच गेल्या. मी समजावून सांगेपर्यंत त्या चार घरं ओलांडूनही गेल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बी.ए. झालेल्या सुनेने म्हाताऱ्याला बांधून ठेवलंय. तंटामुक्ती समितीचे लच्छूभाऊ सहज आल्यासारखे चहाला आले आणि मोज्यांकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने माझी नणंद प्रेमिला पिशवी घेऊन हजर. तिला मी मशीन, अंगठा, रेषा सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि बाबांच्या खाटेशेजारी दुसरी खाट टाकली.

"सोमवारपर्यंत मी इथीच हावो," ती म्हणाली.

तर अंगणात आता दोन खाटा झाल्या. एकीवर मामाजी, दुसरीवर त्यांची राखण. मामाजींची कामं कोणीतरी करायलाच हवी होती. लाकडं मी फोडली. पावसाआधी कुंपण व्हायला हवं म्हणून बांबूच्या कमच्या मी काढल्या. विहिरीचा दोर ओढला, राखेने भांडी घासली. प्रेमिलाच्या चहाची तर दिवसातून चारदा. रोज रात्री मामाजींचा अंगठा दिव्याखाली धरून पाहायचे. शनिवारी एक बारीक रेघ दिसली. पोरीचा पहिला दात दिसला तेव्हाही मी इतकी हरखले नव्हते!

सोमवारी सुरेंद्र रजा टाकून आला. मामाजींनी अंगठा टेकवला. हिरवा दिवा! रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, लच्छूभाऊंनी सुद्धा. मग सुरेंद्रचा हिरवा. मग मी पुढे झाले.

लाल.

पदराला पुसून पुन्हा ठेवला. लाल. दहाही बोटं झाली. मशीनवाल्या भाऊंनी वर न बघताच विचारलं, "बाई, मजुरीले जाता का कुठी?"

"मी बी.ए. आहे," मी म्हटलं.

"असंल. पण बोटाईले आराम पायजे."

राहिलेल्यांचं पुढच्या सोमवारी तालुक्याला होईल, असं त्यांनी सांगितलं. मामाजींनी डोळे बारीक करून माझ्याकडे, म्हणजे माझ्या शेजारच्या खांबाकडे पाहिलं आणि बंडीच्या खिशातून ते तेलकट मोजे काढले.

"चाल पोरी. आता तुहे हात बांधतो."

मागे रांगेत शकुबाई उभ्याच होत्या.

त्या संध्याकाळी मी मोजे घालून ओट्यावर बसले. प्रेमिला भांडी घासत होती, मामाजी विहिरीवर होते. सासऱ्याने सुनेचे हात बांधले, ही बातमी दिवेलागणीआधीच गावभर झाली. मी दाराकडे डोळे लावून बसले होते. यावेळी मात्र कोणीच विचारायला आलं नाही.