कार्मेलाबाईंच्या मसुरातले खडे

मंगलकाकूंनी जर्मनीत र्युसेल्सहाइमला आल्याच्या चौथ्या दिवशी भर दुकानात मसुराच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. शेजारी मी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला!

काकू म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या नचिकेतची आई. चिंचवडहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली. मुलाच्या घरी केर यंत्र काढतं, भांडी यंत्र घासतं, डाळी पाकिटातून स्वच्छ होऊन येतात. नातीला आजीचं सगळं मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. "अगं, मला कुणीतरी काम सांगा गं," हे काकूंचं पालुपद. नचिकेत म्हणायचा, "आई, तू आराम कर." की काकूंचा चेहरा एवढासा व्हायचा.

म्हणून मी त्यांना शनिवारी इटालियन गल्ली दाखवायला नेलं. इथल्या कारखान्यात गाड्या बनवायला ज्यांचे वडील-आजोबा आले नि इथलेच होऊन गेले, त्यांची ही दुकानं. काकूंनी अख्खी गल्ली नापास केली. कॉफी? "एवढीशी? औषध आहे का हे?" जुनं चीज? "शाळेत असताना नचिकेतचे पायमोजे अस्से यायचे वासाला." बदामाच्या बिस्किटांपाशी तेवढ्या घुटमळल्या. "अंडं आहे का विचार." आहे म्हटल्यावर सुस्कारा सोडून पुढे.

मग आलं कार्मेलाबाईंचं वाणसामानाचं दुकान. दाराशी कुंडीत बेसिल, म्हणजे तुळशीची इटालियन चुलत बहीण. काकूंनी तिला आधी नमस्कार केला आणि मग ते पोतं गाठलं. मूठभर मसूर तळहातावर पसरले, एक खडा उचलला आणि कार्मेलाबाईंच्या नाकासमोर धरला. "डोळे असताना हा दाताखाली का यावा?" शुद्ध मराठीत! रांगेतले जर्मन आजोबा नुसतं "आल्झो...", म्हणजे 'हं, तर...', म्हणून थांबले. मी माफी मागणार, तोच सत्तरीच्या कार्मेलाबाईंनी आतून स्टूल आणलं, थाळीत मसूर ओतले आणि काकूंना खुणेनं सांगितलं, बसा.

झालं! दर मंगळवारी नि शनिवारी काकू एकट्या बसनं तिकडे. दोघींना एकमेकींची भाषा शून्य. काकू गुडघ्यांबद्दल मराठीत बोलणार, कार्मेलाबाई इटालियनमध्ये, बहुधा गुडघ्यांबद्दलच. नचिकेत वैतागला. "आई, लोक काय म्हणतील? दुकानात राबतेस?"

"वाजले किती? मला कामावर जायचंय," म्हणत काकूंनी पिशवी उचलली.

व्हिसा संपला आणि काकू गेल्या. पुढच्या शनिवारी मी दुकानात गेले, तर स्टूल रिकामं आणि कार्मेलाबाईंचे डोळे भरलेले. जर्मनमध्ये त्यांनी मला सगळं सांगून टाकलं. मसूर कंपनीतून साफ होऊनच येतात. पहिला खडा चुकून आलेला. नंतरचे सगळे दाराशेजारच्या कुंडीतले! काकू यायच्या आधी कार्मेलाबाई स्वतःच मूठभर खडे थाळीत मिसळायच्या.

"नवरा गेल्यापासून माझ्याजवळ असं कुणी बसलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "खडे नसते तर ती कशाला थांबली असती?"

घरी येऊन मी चिंचवडला फोन लावून हे सांगितलं. म्हटलं, काकू पोट धरून हसतील. पण हसल्या कुठे!

"अगं, मला ते दुसऱ्याच खेपेला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "खड्यांना ओल्या मातीचा वास यायचा."

"अहो काकू, मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तिनं मिसळायचं थांबवलं असतं गं."

काकूच पुढे बोलू लागल्या. "इथे आता एकटीला वाटीभर वरण लागतं. त्यात काय निवडायचं?" मग म्हणाल्या, "फार आठवण येते बघ तिची. शनिवारी जरा बसत जा तिच्यापाशी. आणि हे बघ, तुझा हात चपळ आहे. खडे भराभर वेचू नकोस."