भागीरथीकाकी माल्टाला निघते

जगातल्या कुठल्याही गावाचं नाव काढा, भागीरथीकाकीचा पहिला प्रश्न एकच असे. "थंय मासळी खंयची गावता?" आणि उत्तर ऐकून ती त्या गावाचा तिथल्या तिथे निकाल लावून टाकी. मुंबई? "बर्फातलां खातत. तां काय गाव!" पुणे? "नदीतलां? चिखलाचो वास येता."

मी लग्न होऊन मालवणात आले ती सोलापूरहून. शेजारीण म्हणून काकी मला बघायला आली आणि तिने तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "आमच्याकडे सुकट मिळते कधीकधी." तिने माझ्या गालावरून हात फिरवला, उठून गेली, आणि थोड्या वेळाने वाटीभर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण घेऊन परत आली. "खा गो बाये. इतकी वर्सां कशी काढलंस?"

काकीचा नवरा तांडेल होता, मासेमारी होडीचा म्होरक्या. तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा सदू परदेशी बोटीवर खानसाम्याच्या हाताखाली कामाला होता. एकदा बोट बंदरात असताना तो शिडीवरून पडला, पाय मोडला. बोट पुढे गेली आणि सदू माल्टा नावाच्या बेटावर इस्पितळात राहिला. पाय बरा झाला तरी सदू काही परतला नाही. तिथल्या एका बेकरीत लागलोय, एवढं दोनदा कळवलं. काकीला वाचता येत नसे, त्यामुळे पत्रं मीच वाचून दाखवायची.

छप्पन सालच्या जुलैत आलेलं पत्र मी उघडलं आणि वाचता वाचता माझी गती मंदावली. सदूने बेकरीवाल्याच्या मुलीशी लग्न केलं होतं. तिचं नाव कार्मेला. तिला दिवस गेले होते, मार्गशीर्षात बाळ होणार होतं. हे सगळं आईला सांगायला उशीर झाला म्हणून त्याने चार वेळा माफी मागितली होती.

काकी सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. आता ही रडणार, म्हणून मी पदर सावरून तिच्याजवळ सरकले.

"तिका आवस आसा?" काकीने विचारलं.

"नाही. आई लहानपणीच गेली म्हणून लिहिलंय."

"मगे बाळंतपण कोण करतला?" आणि मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं, "मी जातंय."

वाडीतल्या बाया तोंडं पाडून समाचाराला आल्या. काकीने सगळ्यांना चहा पाजला. "माझी सून गुरवार आसा, माका नातवंड येतलां, आणि तुमी रडतास कित्याक?" कार्मेला हे नाव तिने दुसऱ्याच दिवशी सरळ करून टाकलं. "कार्मेला म्हणजे कमळाच ती."

दिवाळीनंतर मुंबईहून सुटणारी बोट ठरली. सदूने जुन्या ओळखीतून तिकिटाची सोय केली. पासपोर्टासाठी चौकशीला हवालदार आला. ओटीवर बसून त्याने कागद उलगडला.

"परदेशात जाण्याचं कारण?"

"बाळंतपण."

हवालदाराने सत्तावन्न वर्षांच्या काकीकडे एकदा बघितलं, कागदाकडे एकदा बघितलं. "कोणाचं?"

"तुझां न्हय मां? लिही गप."

त्याने गप लिहिलं.

मग माझ्याकडे तिची इंग्रजीची शिकवणी सुरू झाली. मी "प्लीज" आणि "थँक यू"पासून सुरुवात केली. काकीने ती दोन्ही बाजूला सारली. "तां पावण्यांक. माका सुनेकडे बोलाचा आसा." तिला हवे होते तेवढेच शब्द ती शिकली: ईट, स्लीप, सिट, डोन्ट लिफ्ट. पुढे पंधरा दिवस ती येताजाता मलाच हुकूम सोडत होती. मी घागर उचलली की कुंपणापलीकडून ओरडायची, "डोन्ट लिफ्ट!"

खरी पंचाईत वेगळीच होती. तांडेलाची बायको असून काकीला होडी लागायची. मुंबईची बोट मालवणला दूर उभी राही आणि तिच्यापर्यंत पडावातून जावं लागे. तेवढ्यातच काकीचं सगळं पोट बाहेर. म्हणून तिने सरावच करायचं ठरवलं. श्रावण सरला आणि समुद्र जरा शांत झाला, तसं तिने दांडीच्या किनाऱ्यावरच्या होडीवाल्या बाबीला गाठलं. दर सोमवारी त्याने तिला होडीतून किल्ल्यापर्यंत न्यायचं आणि आणायचं.

पहिल्या सोमवारी ती हातात लिंबू घेऊन बसली आणि किनारा सुटायच्या आधीच ओकली. दुसऱ्या सोमवारी अर्ध्या वाटेवर. बघायला माणसं जमू लागली. तिसऱ्या वेळी किल्ल्याला पोचून ओकली, तेव्हा किनाऱ्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या. पाचव्या सोमवारी मात्र ती ताठ बसून परत आली. उतरल्यावर बाबी मला म्हणाला, "वैनी, ओकत होती ती बरी होती. आता माका वल्ही मारूक शिकवता."

सामानात डिंक, सुंठ, अळीव, कुळथाचं पीठ, कोकमाची सोलं आणि वीस नारळ जमले. एक दिवस बघते तर ती वरवंटा गोणपाटात गुंडाळत होती.

"काकी, अहो, वरवंटा कशाला?"

"सवयीचो आसा. पाटो नेवक नाय. दगड थंय गावतले."

भाऊबीजेच्या दिवशी आमच्याकडे आदल्या दिवसाचं वर्तमानपत्र आलं. सुवेझच्या कालव्यात लढाई पेटली होती, बोटी बुडवून वाट बुजवली होती. ह्यांनी मला नकाशा काढून दिला. तो घेऊन मी काकीकडे गेले. ती गाठोड्याला शेवटची गाठ मारत होती. मी सांगितलं, बोट रद्द झाली.

"कालवो बुजवलो? कोणी?"

"मोठ्या राज्यांचं भांडण आहे, काकी."

"तेंका कोणी सांगूक नाय, हयसून एक बायलमाणूस बाळंतपणाक येता म्हणान?"

मला हसू आलं, आणि तिच्या तोंडाकडे बघून ते तिथेच थांबलं. तिने मला नकाशावर वाट दाखवायला लावली. आफ्रिकेला वळसा घालून दुसरी वाट होती. "हयसून मार्गशीर्षात पोचतंय?" मी नकारार्थी मान हलवली. ती बराच वेळ त्या निळ्या रंगाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरां." त्यानंतर बाळाची बातमी येईपर्यंत ती मालवणात कोणाशी माल्टाबद्दल बोलली नाही.

मार्गशीर्षात तार आली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. काकीने वाडीभर साखर वाटली. त्यानंतर डिंक-अळीव बांधून बाबीच्या सुनेकडे पाठवून दिले. तिचेही दिवस भरत आले होते.

कालवा उघडला, पावसाळा सरला, आणि पुढच्या दसऱ्यानंतर काकी खरोखरच गेली. पडावात ताठ बसून, एकदाही न ओकता. शिमग्याच्या आधी परत आली. "कसं आहे माल्टा?" म्हणून जो तो विचारी. ती सगळ्यांना सांगे, "बरां आसा. दगड खूप."

एका दुपारी मात्र माझ्या ओटीवर बसून आपणहून बोलू लागली.

"पयल्याच दिवशी सदू कामाक गेलो. चेडवान, माझ्या नातीन, माका बघून भोकाड पसरलां, आणि रडान रडान झोपलां. रवलंव कमळा आणि मी, दोघीच. काय बोलतलंव? ती हसता, मी हसतंय. मगे मी तेलाची बाटली काढलंय. तर ती माझ्या पुढ्यात येवन खाली बसली. कोणी सांगूक नाय, काय नाय. केसाक तेल चोळतंय, आणि बघतंय तर रडता. मदर, मदर म्हणता. आवस गेल्यापासून तिच्या केसाक कोणाचो हात लागूक नाय, गो."

 मग ती अंगणाकडे बघत म्हणाली, "माझी आवस गेली, तेव्हा मी सात वर्सांची होतंय."

दोन वर्षांच्या शेजारात हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी उठले, आतून खोबरेल आणलं आणि तिच्यामागे दाराच्या पायरीवर बसले.

"काकी, पाठ करा इकडे."

"माका कित्याक? म्हातारेक?" म्हणाली, पण वळली.

मी अंबाडा सोडला. केस मला वाटले होते त्याहून विरळ होते. आधी ती कमळेच्या पावाबद्दल बोलत होती, नातीच्या दातांबद्दल बोलत होती, माझ्या हातात जोर नाही म्हणून कुरकुरत होती. हळूहळू शब्द कमी झाले. मग तिला डुलकी लागली आणि तिचं डोकं मागे कलून माझ्या गुडघ्यावर टेकलं. मी तेल लावत राहिले.